सोबत काय आणले

चूक माझीच होती, हे आधी लिहून ठेवतो.
रात्री बारा वाजले की माझा प्रोग्राम
रिकाम्या ट्रकचे वजन विसरायचा.
पावणेबाराला रिकामी तोललेली गाडी
सव्वाबाराला माल भरून काट्यावर आली
की पावतीवर शून्य.
बुटीबोरीच्या त्या सळयांच्या कारखान्यात
रोज रात्री पंधरा-वीस ट्रक खोळंबायचे
आणि काट्यावरच्या हेमराज उईकेचा फोन:
"सर, डायवर लोकं माह्या अंगावर धावून राहिले ना."

दुरुस्ती एका दुपारची.
फाइल नऊशे केबी. मेलला जोडली, पाठवली,
चहा प्यायला खाली उतरलो,
वर येईपर्यंत ती परत आली होती.
'सुरक्षेच्या कारणास्तव.'

झिप केली. परत.
झिपला कुलूप घातले, किल्ली वेगळ्या मेलने.
किल्ली पोचली. कुलूप नाही पोचले.

मग नावच बदलले.
संत्राबर्फी, पुढे टिंब, पुढे जेपीजी.
तरी पकडली.
कोणीतरी सांगितले, तो नाव बघतच नाही,
आतली पहिली दोन अक्षरे बघतो, एम आणि झेड,
बाजारात गोऱ्ह्याचा जबडा उघडून दात मोजतात तसा.
क्षणभर मला त्या सर्व्हरचे कौतुकच वाटले.
माझ्या लग्नात एवढी चौकशी
सासरच्यांनीही केली नव्हती.

पाचवी मेल परतही आली नाही.
ही सगळ्यात वाईट.
परत आलेली वस्तू निदान आपली असते.
"विलगीकरणात आहे," पुण्याच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या,
"सोडवायचा फॉर्म असतो, मेल करते तुम्हाला."
तो फॉर्म
आमच्या सर्व्हरने अडवला.

शेवटी पेनड्राइव्ह खिशात घातला, स्कूटर काढली.
त्रिमूर्तीनगर, मग वर्धा रोड,
मेट्रोचे खांब संपेपर्यंत खांब,
पुढे नुसते डंपरचे लाल दिवे.
मे महिना. रात्रीचे अकरा,
तरी हेल्मेटच्या आत तोंड भाजत होते.

फाटकावर शालिकराम डोंगरवार, आणि रजिस्टर.
रकाना: 'सोबत काय आणले.'
मी खरे लिहिले.
त्यांनी पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत टाकला,
बत्तीस नंबरचा बिल्ला हातात दिला,
फोनच्या कॅमेऱ्याला लाल चिकटपट्टी लावली,
खिसे चाचपले, डबा उघडून वास घेतला.
"आता काई नाई ना जवळ?"
"नाही."
माझ्या मागून भंगाराचा ट्रक,
वर ताडपत्री, खाली काय ते देव जाणे,
हाताच्या एका इशाऱ्यावर आत गेला.

केबिनमध्ये कूलर, हेमराज, आणि नोटपॅड.
नऊशे केबीत गुंडाळून जे धाडत होतो
त्यात कामाच्या ओळी चौदा.
आठवत बसलो. सातवी दोनदा चुकली.
हेमराजने न विचारता
ओला दुपट्टा माझ्या मानेवर टाकला.

बारा वाजून चार मिनिटांनी पावती निघाली.
रिकामी, भरलेली, निव्वळ. तिन्ही आकडे.
बिलासपूरच्या ड्रायव्हरने ती न वाचताच
खिशात कोंबली आणि गिअर टाकला.

सकाळी पुण्याहून मेल:
'रेकॉर्डसाठी सदर फाइल मेलद्वारे पाठवावी.'
त्याला अजून उत्तर दिलेले नाही.

पण त्या रात्रीचे एक सांगायचे राहिले.
निघताना डोंगरवारांनी पिशवी परत केली,
रजिस्टर पुढे सरकवले.
'सोबत काय नेले' असाही एक रकाना होता.
पेनड्राइव्ह एक, असे लिहिले,
सही केली, खाली तारीख.
मागे हॉर्न वाजत होते.
डोंगरवारांनी तारखेवर बोट ठेवले.
"ही कालची झाली साहेब.
बारा वाजून गेले ना."